भोयर मॅडम आणि मे महिन्याच्या चार बाटल्या

भोयर मॅडमशी मी एकदा खोटं बोललो. ते खोटं दोन शब्दांचं होतं. एकोणीस वर्षं आम्ही एकाच विभागात काम केलं, हजार गोष्टी बोललो असू. पण त्यांच्याविषयी लिहायला बसलो की ते दोन शब्द आधी समोर येतात. ते त्यांच्या जागी लिहीनच. आधी मॅडम.

वनमाला भोयर. गाव आंजी मोठी, घरी शेती, राहायला सिंदी मेघेत दोन खोल्या आणि एक पडवी. वर्ध्याच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवत. बुटक्या, चालायला भरभर, पायात नेहमी कॅनव्हासचे बूट. त्यांच्या पांढऱ्या एप्रनला आम्लानं पडलेली इतकी भोकं होती की मुली त्याला जाळी म्हणायच्या. उन्हाळ्यात त्यांच्या पर्समध्ये दोन वस्तू हमखास असत, कांदा आणि थर्मामीटर. कांदा लू लागू नये म्हणून. थर्मामीटर कशाला, असं मी सुरुवातीला विचारलं होतं.

"लोकं नुसतं म्हणतात, लई गरम आहे," त्या म्हणाल्या. "किती, ते कोणी सांगत नाई."

मी व्यापाऱ्याच्या घरातला. मेन रोडला आमचं भांड्यांचं दुकान. त्यामुळे मॅडमनी पहिल्या आठवड्यातच माझं नाव 'शेट' पाडलं आणि ते शेवटपर्यंत टिकलं. ब्युरेटच्या काचनळीवरचा आकडा मी चुकीचा वाचला की म्हणायच्या, "शेट, हे दुकान नाई. इथं माप मारता येत नाई." मला राग यायचा, आणि दुसऱ्यांदा मी आकडा बरोबर वाचायचो.

त्यांचं खरं काम मात्र वर्ध्याच्या कुणाला पटणारं नव्हतं. त्या समुद्राचं पाणी तपासत. कोकणात एका खाडीच्या तोंडाशी एक छोटं कॉलेज आहे; तिथं त्यांची एम. एस्सी.ची मैत्रीण सुहासिनीताई शिकवत. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सुहासिनीताई धक्क्यावरून पाणी घ्यायच्या, काळपट काचेच्या चार बाटल्या भरायच्या, आत औषधाचे दोन थेंब टाकून पाण्यातले सूक्ष्म जीव मारायच्या, काचेचं बूच घट्ट लावून वर रबर ताणायच्या. मग थर्माकोल लावलेल्या लाकडी खोक्यातून त्या बाटल्या रेल्वे पार्सलनं मुंबईमार्गे वर्ध्याला यायच्या. त्या कॉलेजात हे तपासायची सोय नव्हती आणि मॅडमचा हात या कामात बसलेला होता, म्हणून एवढा प्रवास.

तपासायचं काय, तर पाण्यात कार्बन डायऑक्साइड किती मुरला आहे. आपण जो धूर हवेत सोडतो त्यातला बराचसा हा वायू समुद्र पिऊन टाकतो. पिऊन पिऊन त्याचं पाणी आम्लाच्या बाजूला सरकतं. फार नाही, वर्षाला दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या घरात फरक पडतो. पण शिंपल्याचं पिल्लू आपलं कवच त्याच पाण्यातून घडवतं, आणि पाणी सरकलं की त्याला ते जड जातं. एवढा बारीक बदल पकडायचा तर वर्षानुवर्षं, एकही महिना न चुकवता, एकाच पद्धतीनं मोजत राहणं हा एकच मार्ग. मॅडम बारा वर्षं मोजत होत्या.

"अहो, पण समुद्र कुठं, वर्धा कुठं?" हा प्रश्न त्यांना विचारणारे खूप भेटले.

"पाणी यायले एक दिवस लागते," मॅडम म्हणायच्या. "इथला धूर तिकडं जायले किती लागते, सांगा. त्याले तिकीट लागते का?"

आंजीला त्यांच्या भावाकडे एकदा मी सोबत गेलो होतो. जेवताना भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "माई, तू दुनियेचा समुद्र मोजून राह्यली. आपल्या विहिरीचं पाणी मोज न कधी!" पंगत हसली. मॅडमनी घास संपवला आणि म्हणाल्या, "विहीर तुही आहे, तू मोज. समुद्र कोणाचाच नाई, म्हणून मी मोजतो." आणि वहिनीकडे ताट सरकवून आणखी झुणका मागितला.

समुद्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला होता. सुहासिनीताईंनी मला तो किस्सा फोनवर सांगितला. मॅडम कोकणात उतरल्या, थेट धक्क्यावर गेल्या आणि समुद्राकडे पाठ करून दोन तास सुहासिनीताईंना बाटली कशी भरायची ते शिकवत बसल्या. नळी बाटलीच्या तळाला टेकली पाहिजे, पाणी खालून वर चढलं पाहिजे, एकही बुडबुडा नको, कारण बुडबुड्यासोबत हवा येते आणि मग मोजतो ते हवेचं होतं. मी मॅडमना विचारलं, "मग समुद्र पाहिला की नाही?"

"पाह्यला न. पाणीच तर होतं. ही सुहास बाटली अशी भरून राह्यली होती जशी नळावर घागर भरते. तिच्याकडं पाहू की समुद्राकडं?"

हवेची त्यांना एवढी धास्ती होती की बूच काढायच्या वेळी प्रयोगशाळेत दोनच माणसं चालत, त्या आणि मी. आपल्या श्वासातही तोच वायू असतो. त्यामुळे बाटलीकडे तोंड करून बोलायची मला बंदी होती. मी कित्येक वर्षं भिंतीकडे पाहून त्यांना आकडे सांगितले आहेत. एकदा संस्थेचे अध्यक्ष कुणा पाहुण्यांना घेऊन अचानक आत आले. हार, फोटोवाला, प्राचार्य, शिपाई, मिळून दहा-बारा जण. मॅडमनी नुकतंच बूच काढलं होतं.

"बाहेर!" त्या वळूनही न पाहता म्हणाल्या.

प्राचार्य कुजबुजले, "मॅडम, अध्यक्षसाहेब आहेत."

"ते श्वास घेत नाईत का? वीस मिनटं. व्हरांड्यात खुर्च्या आहेत."

अध्यक्षसाहेब व्हरांड्यात वीस मिनिटं बसले. नंतर आत आले तेव्हा मॅडमनी त्यांना हसून चहा पाजला आणि समुद्र कसा श्वास घेतो ते इतकं छान समजावलं की पाहुणेच जास्त रमले. पण त्या खुर्च्या अध्यक्ष विसरले नसावेत, असं मला पुढे वाटत राहिलं.

मॅडमची एक नोंदवही होती. लाल कापडी बांधणीची, उभी, जाड. तिच्यात शाईनंच लिहायचं. खोडरबर त्यांच्या टेबलावर कधी दिसलं नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे अशी, आणि शेजारी का खोडला ते लिहायचं. कारण नसेल तर खोडायचं नाही. "कारण सापडेपर्यंत आकडा राह्यते," हे त्यांचं वाक्य आमच्या विभागात म्हणीसारखं झालं होतं. मुलं परीक्षेत नापास झाली तरी ते वाक्य म्हणायची.

आता तो मे महिना.

खोकं स्टेशनवरून सोडवून आणायचं काम माझं. पार्सल ऑफिसातून घ्यायचं, कारमध्ये ठेवायचं, सरळ कॉलेजात आणायचं, बाटल्या पंचवीस अंशांच्या पाण्याच्या टाकीत उभ्या करायच्या. उन्हाळ्यात मॅडम सकाळी पाचलाच येऊन काम आटपत, वीज गेली की टाकीभोवती ओली गोणपाटं गुंडाळत. त्या दिवशी गाडी उशिरा आली आणि खोकं हातात पडेपर्यंत साडेअकरा झाले. त्याच दिवशी माझ्या साडूच्या मुलीचं लग्न होतं, मंगल कार्यालय कॉलेजच्या रस्त्यावरच. अक्षता टाकून पाच मिनिटांत निघू, असं ठरवून मी कार उभी केली. आमच्याकडे लग्नात जाऊन न जेवता निघणं म्हणजे भांडण करून निघणं. साडूंनी हात धरला, बायकोनं डोळे वटारले, पंगत बसली. मी बाहेर आलो तेव्हा दीड वाजून गेला होता. कारच्या काचा बंद. दाराला हात लावला तर चटका बसला.

खोकं उघडलं. चारही बाटल्यांची बुचं वर आली होती. रबरं सैल पडली होती. एका बाटलीच्या मानेवर पाण्याचा ओघळ. तापलेलं पाणी फुगलं होतं, बूच ढकललं होतं आणि आतला वायू उडून गेला होता, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. दुसऱ्या कुणाला कळायला वेळ लागला असता. मी हा विषय शिकवतो. मी रुमालानं माना पुसल्या, बुचं दाबून बसवली, रबरं दुहेरी केली आणि बाटल्या नेऊन टाकीत ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मोजलं. आम्लता अचानक कमी झालेली. जणू समुद्र एका महिन्यात शंभर वर्षं मागे गेला. आम्ल पचवायची पाण्याची ताकद, म्हणजे क्षारता, मात्र जशीच्या तशी, कारण वायू उडाल्यानं ती बदलत नाही. मॅडम बुचकळ्यात पडल्या. त्यांनी आम्ल नव्यानं बनवलं, आम्लता दाखवणारं रंगाचं द्रावण नव्यानं बनवलं, यंत्र पुन्हा जुळवलं. तीन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ब्युरेट धरलेला आपला उजवा हात समोर धरून बराच वेळ पाहिला. मी भिंतीकडे तोंड वळवलं.

"शेट, खोकं कुठं उन्हात तर नाई राह्यलं?"

"नाही, मॅडम."

हेच ते दोन शब्द. माझ्या पदोन्नतीच्या अहवालावर ज्येष्ठ सहकारी म्हणून मॅडमची सही व्हायची होती, हे कारण मी बरेच दिवस स्वतःला देत होतो. ते खरंही आहे. पण त्याहून खरं हे की त्या माझ्यावर ओरडल्या असत्या आणि मला ओरडून घ्यायचं नव्हतं. एवढंच.

त्यांनी चारही आकडे नोंदवहीत लिहिले आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलं.

ऑगस्टमध्ये संस्थेनं नेमलेली तपासणी समिती आली. हे काम पुढे चालवायचं की बंद करायचं, ते ठरवायला. आदल्या दिवशी आमचे विभागप्रमुख मॅडमच्या टेबलाशी आले. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. तसा मीही होतो.

"मॅडम, तो मे महिना काढून टाका न. एकच तर महिना आहे. त्यानं या वर्षाची सरासरीच बिघडून राह्यली."

"काऊन काढू?"

"अहो, चूकच आहे तो. दिसतेच आहे."

"मले बी दिसते. पण कशानं चुकला ते नाई दिसत. समजा उलट्या बाजूनं आला असता, आपल्या फायद्याचा, तर तुमी काढा म्हटलं असतं?"

"तुमच्याशी बोलणं म्हणजे न..."

"कारण आणा. आत्ता रेघ मारतो."

मी तीन फुटांवर बसलो होतो. कारण माझ्या खिशात होतं. मी उत्तरपत्रिका तपासत राहिलो. कोणाला किती गुण दिले, मला आठवत नाही.

समितीचे अध्यक्ष बाहेरगावचे सभ्य गृहस्थ होते, बोलणं मऊ. त्यांनी आलेख पुढे ओढला आणि मे महिन्यावर पेन ठेवलं. "मॅडम, हा आकडा धरला तर तुमची बारा वर्षांची रेष जवळपास आडवी होते. आणि धरायचा नाही म्हटलं, तर तुमच्या इतर आकड्यांवर विश्वास का ठेवायचा?"

"धरा," मॅडम म्हणाल्या. "तो मी मोजला आहे. का तसा आला, मले माहीत नाई. जे माहीत नाई त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह आहे. बाकीच्यापुढं नाई. पूर्ण वही समोर आहे, एक तरी आकडा कारणाबिगर खोडलेला दाखवा."

"मुळात सत्तेचाळीस अंशांच्या गावात समुद्राचं पाणी तपासणं..."

"गाव सत्तेचाळीसवर असते साहेब, पाणी पंचवीसवरच असते. तुमी थंड गावातले. तुमी टाकीत ठेवता का टेबलावर?"

कुणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. महिन्याभरात काम बंद केल्याचं पत्र आलं. रंग मोजायचं यंत्र आणि टाकी विभागप्रमुखांनी कपाटात घालून कुलूप लावलं.

मॅडमनी पत्र वाचलं, घडी घातली. "फाइल बंद केली त्यायनं," त्या म्हणाल्या. "समुद्र कुठं बंद केला?" आणि तास घ्यायला वर्गावर गेल्या.

दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दुपारी मी त्यांना सांगितलं. कॉलेज रिकामं झालं होतं. मी उभा राहूनच बोललो. त्यांनी मधे एकदाही थांबवलं नाही.

"किती वेळ होतं गाडीत?"

"दोन तास."

"सावलीत?"

"उन्हात. काचा बंद."

"जेवले काय?"

मला प्रश्न कळला नाही.

"लग्नात. काय जेवले?"

"वांग्याची भाजी... बुंदी, मठ्ठा."

"चांगलं होतं?"

त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या. आवाज चढला नाही, आणि तेच जास्त लागलं. "मले वाटलं माह्या हातच गेला, शेट. तीन दिवस मी माह्या हातावर शक घेतला. वय झालं म्हटलं. तुमी इथंच बसून होते."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ते नंतर. आधी लिहा." लाल नोंदवही काढून त्यांनी मे महिन्याचं पान माझ्यासमोर ठेवलं, आपला पेन दिला. "तुमच्या अक्षरात. काय झालं, कोणत्या दिवशी झालं, कोणत्या दिवशी सांगितलं. तिन्ही." मी लिहिलं. वाचून त्यांनी सही करायला लावली. मग पट्टी घेऊन चार आकड्यांवर चार आडव्या रेघा मारल्या, सावकाश, आकडे वाचता येतील अशा. प्रश्नचिन्ह मात्र तसंच ठेवलं. "ते त्या दिवशीचं खरं होतं," म्हणाल्या.

त्या पानाची प्रत जोडून त्यांनी समितीला पत्र लिहिलं. चूक आमच्या प्रयोगशाळेची, असं त्यात पहिल्याच ओळीत होतं. माझं नाव पानावर होतं, पत्रात नव्हतं. उत्तर आलं, दोन ओळींचं. निर्णय झाला आहे, पुनर्विचाराची तरतूद नाही. माझ्या पदोन्नतीच्या अहवालावर त्यांनी सही केली. शेरा लिहिला, 'शिकवतात चांगले.' बाकीचा रकाना रिकामा.

पुढच्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. मला वाटलं, संपलं. एका सकाळी सिंदी मेघेला त्यांच्या घरी गेलो तर पडवीत थर्माकोलच्या पेटीत पाणी, त्यात मासे पाळायच्या टाकीतला हीटर, बर्फाच्या पिशव्या, आणि मधोमध उभ्या चार काळपट बाटल्या. ब्युरेट स्वतःचं, आम्लतेसाठी साधं काचेच्या कांडीचं यंत्र. महिने चुकलेले नव्हते. काम बंद झाल्याचं सुहासिनीताईंना त्यांनी सांगितलंच नव्हतं म्हणे. सांगितलं ते एवढंच, की खोक्यावर आता घरचा पत्ता लिहीत जा. नवी वही घातली होती. तिच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर एकच ओळ होती: 'यंत्र घरचं आहे. तिसरा दशांश मानू नये.'

"मग एवढं कशाला, मॅडम? कोण मानणार हे?" मी विचारलं.

"दुसरा दशांश तर मानतीन न. तिसऱ्यासाठी एखादी शिकलेली पोट्टी चांगलं यंत्र घेऊन येईल. तेव्हा मधली वर्षं कोरी नको दिसाले."

त्यांनी मला चहा दिला. बाटल्यांजवळ जाऊ दिलं नाही. खोकं स्टेशनवरून त्या स्वतः ऑटोत घालून आणत, मांडीवर ठेवून, वर ओला दुपट्टा टाकून. मी दोनदा म्हणालो, मी आणतो. दोन्ही वेळा त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

या जानेवारीच्या शेवटी सुहासिनीताई धक्क्याच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. फोन मलाही आला. मी मॅडमकडे धावलो, तर दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, स्टेशनवर गेल्या.

मुंबईची गाडी लागली होती. मॅडम डब्यात चढून बसल्या होत्या, कॅनव्हासचे बूट, मफलर, पायाशी रिकाम्या बाटल्यांचं खोकं. दोन्ही गुडघ्यांना पट्टे. त्या वयात, त्या गुडघ्यांनी, त्या पायऱ्या उतरून पाणी भरायला निघाल्या होत्या. मी खिडकीच्या गजांना धरलं.

"मॅडम, तुम्ही नका जाऊ. मी जातो. नाहीतर सोबत येतो."

"काऊन?"

मी खोक्याकडे पाहिलं.

"पाप धुवाले?" त्या म्हणाल्या. "समुद्रात लई लोकं धुतात, शेट. तिथं गर्दीच असते. मले पाणी भराचं आहे. फेब्रुवारीचं."

"पण तुमचे गुडघे..."

"गुडघे माह्ये आहेत. तुमी घरी जा. बायकोले सांगजा, आंजीचे हुरड्याचे कणसं आले की पाठवतो."

गाडी हलली. मी दोन-चार पावलं सोबत चाललो. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. समोरच्या बाकावर एक धिप्पाड गृहस्थ येऊन बसला होता आणि त्यानं बुटासकट दोन्ही पाय आरामात खोक्यावर टेकवले होते. मॅडम पुढे वाकून त्याला काहीतरी सांगत होत्या. तो हसला, हात हलवला, पाय तसेच ठेवले. मॅडम पुन्हा बोलल्या. डबा पुढे सरकत गेला, आणि तो दिसेनासा व्हायच्या आत मला दिसलं, त्यानं पाय खाली घेतले होते.